कॅल्शियमचे दोन तुकडे

लिनवुड बेल्विनची बायको वारली तेव्हा तो लॅबच्या प्रयोगाच्या हॉलमध्ये एका लोखंडी पिंपाखाली पाठीवर झोपून बोल्ट आवळत होता. बातमी सांगायला मला पाठवलं. खरं तर ते काम आमच्या टार्गेट विभागाच्या प्रमुखाचं, रॉस्कोचं. पण त्याची जीभ उचलेना. तो म्हणाला, "मर्टल, तू जा. तुम्ही दोघं जहाजगोदीपासूनचे. तुझ्याकडून ऐकलेलं बरं."

हॉलमध्ये जाताना फोन बाहेर कपाटात ठेवावे लागतात. लिनवुडची मुलगी नोरीन कधीपासून त्याला फोन लावत होती, शेवटी तिने ऑफिसात केला. मी पिंपाशेजारी उकिडवी बसले. मला त्याचे बूट आणि गुडघे तेवढे दिसत होते. मी सांगितलं की आर्व्हेलाला चर्चच्या आवारात गाडीतून उतरताना चक्कर आली, डोक्यात रक्तस्राव झाला, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

पाना थांबला. पिंपाखालून आवाज आला, "बरोबर कोण होतं?"

"हॉलिसची बायको होती." हॉलिस म्हणजे आर्व्हेलाचा भाऊ.

"बरं." पाना पुन्हा फिरू लागला. "एवढे आवळून घेतो. अर्धवट सोडलं तर गळेल."

त्याने राहिलेले बोल्ट समोरासमोरचे घेत, नियमाने आवळले. मग बाहेर सरकला, चिंधीला हात पुसले, साबणाने धुतले आणि माझ्या गाडीत येऊन बसला. यॉर्क नदीवरच्या पुलावरून जाताना खाली खेकड्यांच्या होड्या परतत होत्या. तो त्यांच्याकडे बघत म्हणाला की वारा फिरलाय. घरी पोचेपर्यंत एवढंच बोलला.

लिनवुड नदीपलीकडचा, दलदलीच्या कडेला राहणाऱ्या दर्यावर्दी लोकांतला. त्यांची बोली अशी की नदीअलीकडच्या माणसालाही पहिल्यांदा निम्मी कळत नाही. बापाच्या होडीवर कालवं आणि खेकडे काढत तो मोठा झाला. मग कालवांना रोग पडला, खाडीत पोट भरेना, म्हणून जहाजगोदीत लेथवर लागला. मी तिथेच शेजारच्या यंत्रावर होते. बायका लेथवर नवीन होत्या तेव्हा. पहिल्या दिवशी कुणीतरी माझ्या डब्यात मेलेला मासा ठेवला. लिनवुडने तो उचलला, नीट बघितला, "ताजा आहे, वाया कशाला घालवायचा," म्हणाला आणि घरी घेऊन गेला. त्यानंतर कुणी काही ठेवलं नाही. पुढे शेतात ही लॅब उभी राहिली आणि त्यांना हातात कसब असलेली माणसं हवी होती, तेव्हा आम्ही दोघंही गोदी सोडून इकडे आलो.

आर्व्हेला शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. मोठ्याने हसायची. चर्चच्या गायनात तिचा सूर कायम थोडा वर लागायचा, आणि ते ठाऊक असूनही ती पहिल्या रांगेत उभी राहायची. घरातलं बोलणं सगळं तिच्याकडे. लिनवुडला काही विचारलं की तो आधी तिच्याकडे बघायचा, मग ती सांगायची की याला काय वाटतं. एकदा मी म्हटलं, "अगं, त्याला जरा बोलू दे की." ती म्हणाली, "त्याची वाट बघत बसले असते तर अजून साखरपुडाच चालू असता."

लॅबमध्ये जमिनीखाली इलेक्ट्रॉनांचा झोत पळवतात आणि शेवटी तो एखाद्या वस्तूवर आदळवतात. ती वस्तू म्हणजे टार्गेट. कधी थंड करून पातळ केलेला हायड्रोजन, कधी कार्बनची चकती, कधी लोखंड, कधी सोनं. आदळून बाजूला उडालेले इलेक्ट्रॉन मोजायचे आणि त्यावरून आत काय दडलंय ते ताडायचं, हे शास्त्रज्ञांचं काम. टार्गेट घडवायचं, बसवायचं आणि ते जागेवरून केसभरही हलणार नाही हे बघायचं काम आमचं. शिडीसारख्या एका चौकटीत टार्गेटं एकाखाली एक बसवतात आणि ती शिडी वरखाली करून हवं ते झोतासमोर आणतात.

त्या वर्षीचा प्रयोग डॉक्टर युलेलिया त्रेव्हिन्यो यांचा होता. आम्ही त्यांना युलेलियाबाई म्हणायचो. टेक्सासच्या अगदी दक्षिणेकडच्या, सरहद्दीवरच्या गावातल्या. त्यांनी उभा जन्म एका प्रश्नात घातला होता. अणूच्या केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात, हे शाळेत सगळेच शिकतात. पूर्वी समजूत अशी की हे कण एकटे असोत की गर्दीत, आतून जसेच्या तसेच राहतात. मग मोजून बघितलं तर तसं निघालं नाही. प्रोटॉनच्या आत क्वार्क नावाचे आणखी बारीक कण पळत असतात. प्रोटॉन मोकळा असला की ते एका वेगाने पळतात. तोच लोखंडाच्या नाहीतर सोन्याच्या केंद्रकात असला की थोडे मंदावतात. म्हणजे तिथला प्रोटॉन बाहेरच्यासारखा राहत नाही.

का, हे कुणाला सांगता येत नव्हतं. एका पक्षाचं म्हणणं, केंद्रकातले सगळेच कण थोडेथोडे बदलतात. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, बहुतेक तसेच राहतात, पण एखादा प्रोटॉन आणि एखादा न्यूट्रॉन क्षणभर एकमेकांच्या फार जवळ येतात, आणि त्या जोडीतले दोघंही पार बदलतात. युलेलियाबाई दुसऱ्या पक्षाच्या. पहिल्या पक्षातल्या माणसांशी त्यांचं जेवणाच्या टेबलावर रीतसर भांडण व्हायचं, आणि मग सगळे मिळून आइस्क्रीम खायला जायचे.

त्यांनी निवडलं कॅल्शियम. कॅल्शियममध्ये प्रोटॉन वीस. साध्या कॅल्शियममध्ये न्यूट्रॉनही वीस, त्याला आम्ही चाळीस म्हणायचो. दुसरा दुर्मिळ प्रकार, त्यात आठ न्यूट्रॉन जास्त, तो अठ्ठेचाळीस. जोड्यांची गोष्ट खरी असेल तर अठ्ठेचाळीसमध्ये प्रत्येक प्रोटॉनला भेटायला जास्त न्यूट्रॉन आहेत, म्हणजे तिथले प्रोटॉन जास्त बदललेले दिसायला हवेत. दोन्हींचा एकेक तुकडा झोतासमोर आलटून पालटून धरायचा होता. तुकडे कोटाच्या बटणाएवढे, मळक्या चंदेरी रंगाचे. कॅल्शियमला हवा लागली की ते पांढरं पडतं, म्हणून ते आर्गॉन वायू भरलेल्या काचेच्या पेटीत ठेवायचं आणि पेटीला जोडलेल्या रबरी हातमोज्यांत हात घालूनच हाताळायचं. दोन्ही तुकड्यांचं वजन सारखं राखलं होतं. अठ्ठेचाळीसचा अणू जड, त्यामुळे तेवढ्याच वजनात त्याचा तुकडा किंचित पातळ होता, पण शेजारी ठेवून बघितल्याशिवाय डोळ्यांना कळण्यासारखा नाही.

आर्व्हेलाला चर्चमागच्या दफनभूमीत पुरलं. लोकांनी डिशी आणल्या. हॅम, मॅकरोनी, मसाला भरलेली अंडी, पीचची पेस्ट्री. लिनवुडने प्रत्येकाचे आभार मानले आणि कुठल्या डिशखाली कुणाच्या नावाची पट्टी आहे ते बघून रिकामी भांडी धुऊन परत केली. नोरीनने त्याला आपल्या गावी, डोंगरात चल म्हणून खूप विनवलं. तो नको म्हणाला. ती चिडली, रडली. शेवटी माझ्याकडे येऊन म्हणाली की ते एकदा तरी रडले असते तर मी बिनघोर गेले असते.

पुढच्याच आठवड्यात तो कामावर हजर. रॉस्कोने सांगून बघितलं की रजा घे, कुणी काही म्हणणार नाही. लिनवुडने विचारलं, "घरी काय करू?" मी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर जाणार होते, आणि मी नसताना कॅल्शियम बसवायचं होतं. ते काम लिनवुडकडेच येणार हे ठरलेलं होतं. अख्ख्या लॅबमध्ये त्याच्याइतकी शहाणी बोटं कुणाची नव्हती. पत्रा चिमटीत धरून तो जाडी सांगायचा आणि मग आम्ही मोजायचो, ते मोजमापापेक्षा त्याची गंमत बघायला म्हणून.

मी परत आले तेव्हा प्रयोग जोरात सुरू होता. लिनवुड नेहमीसारखाच होता. वेळेवर यायचा, डबा खायचा, कुणी विनोद केला की योग्य जागी हसायचा. फक्त कधीकधी यंत्र बंद करून तसाच उभा राहायचा, आणि काय हवंय विचारलं की म्हणायचा, "काही नाही." एकदा मला म्हणाला, "दात काढताना सुई देतात ना, तसं झालंय. गालाला हात लावला तर तो दुसऱ्या कुणाचा वाटतो." मी विचारलं की डॉक्टरला दाखवतोस का. तो म्हणाला, "दुखत असतं तर दाखवलं असतं."

हिवाळा तसाच गेला. प्रयोग संपला, शिडी बाहेर काढली. झोतात राहिलेली टार्गेटं किरणोत्सर्गी झालेली असतात. ती शांत होईपर्यंत जाड शिशाच्या कपाटात ठेवायची असतात, म्हणून कॅल्शियमचे तुकडे तिथे गेले.

झाडांना पालवी फुटत होती तेव्हा युलेलियाबाई आमच्या वर्कशॉपमध्ये केक घेऊन आल्या. बरोबर तादेसे होता. इथिओपियाचा, तिशी उलटलेला, बायको आणि दोन लहान मुलं अजून अदिस अबाबाला, आणि स्वतः एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी तात्पुरत्या नोकऱ्या करत आलेला. प्रयोगाचं सगळं गणित त्याने केलं होतं. बाईंनी केक कापून आमच्या हातात दिला आणि उभ्या उभ्या सांगितलं. निकाल उलटा आला होता. अठ्ठेचाळीसमध्ये प्रोटॉन जास्त बदललेले दिसायला हवेत, तिथे कमी बदललेले दिसत होते. बाईंचा पक्ष खोटा ठरत होता आणि समोरचाही खोटाच ठरत होता, कारण त्यांच्या हिशेबानेही बदल कमी व्हायला नको होता. एवढ्या वर्षांत कुणी न कल्पिलेलं काहीतरी केंद्रकात चाललं होतं.

"मी हरलेय," त्या म्हणाल्या, "आणि इतका आनंद मला जिंकूनसुद्धा झाला नसता."

उन्हाळ्यात तादेसे मोठ्या परिषदेत हे मांडणार होता. दोन विद्यापीठांनी त्याला कायमच्या जागेच्या मुलाखतीला बोलावलं होतं. रॉस्को म्हणाला की आमच्या शॉपच्या भिंतीवर त्या आलेखाची तसबीर लावायची. सगळे हसले. लिनवुडने केकचा तुकडा संपवला, बशी धुतली आणि आपल्या बाकाकडे गेला.

दुपारी तो माझ्याजवळ आला. "मर्टल, तुकडे मी बसवले ना?"

"तूच बसवलेस."

"मला तो दिवस आठवत नाही."

मला वाटलं तो आर्व्हेलाबद्दल बोलतोय. तो म्हणाला, "तो नाही. कॅल्शियमचा दिवस. पेटीत हात घातलेले आठवतात. मग एकदम मी घरी आहे आणि पायमोजे काढतोय. मधलं काही नाही."

मी म्हटलं की न आठवणं म्हणजे चूक करणं नव्हे. सवयीचं काम हात आपोआप करतात. शिवाय नियमाप्रमाणे दुसरं माणूस बघायला असतंच, आणि रॉस्कोची सही आहे. त्यावर तो रॉस्कोकडे गेला आणि सगळ्यांदेखत विचारलं की त्या दिवशी तू बघितलं होतंस का. रॉस्कोचा चेहरा उतरला. तो खोटं बोलणारा माणूस नाही. हळू आवाजात म्हणाला, "मी दारात उभा होतो. बायको जाऊन आठवडा झालेल्या माणसाच्या खांद्यावरून डोकावून बघायला मला कसंतरी वाटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी लिनवुड बाईंच्या खोलीत गेला. मी बरोबर यावं असं तो म्हणाला नाही आणि येऊ नकोस असंही म्हणाला नाही, म्हणून मी गेले. तादेसे तिथेच फळ्यापाशी होता. लिनवुडने टोपी काढून हातात धरली.

"बाई, ते तुकडे मी उलटे बसवले असतील."

बाईंनी चष्मा काढला. "बसवलेत की असतील?"

"माहीत नाही. मला तो दिवसच आठवत नाही. बरोबर बसवले असंही सांगता येत नाही."

तादेसे म्हणाला, "आठवत नाही म्हणजे काय? इतकी वर्षं तुम्ही हेच काम करताय."

"होय."

"मग असं कसं आठवत नाही?"

मी मध्ये बोलले. म्हटलं, नुकतीच त्याची बायको गेली होती. तादेसेला ते कळलं होतं की नाही मला ठाऊक नाही. तो खाली बसला. मग म्हणाला की तुकड्यांची अदलाबदल झाली असेल तर आलेखातल्या दोन रेघांची नावं बदलतील, बाकी सगळं तसंच राहील. आणि मग निकाल अगदी बाईंनी आधीपासून सांगितलाय तसा येईल. हे त्याने स्वतःशीच बोलल्यासारखं म्हटलं. गणितात त्याला एका जागी थोडं खटकलंच होतं. पण ते नवं काहीतरी असेल म्हणून त्याने ते बाजूला ठेवलं होतं.

बाईंनी तिथल्या तिथे ठरवलं की खात्री होईपर्यंत परिषदेत काही मांडायचं नाही. तादेसेने मुलाखतींचं काय विचारलं. "जे खरं आहे ते सांग. निकाल तपासतोय म्हण," त्या म्हणाल्या. तो उठून बाहेर गेला. दार त्याने आपटलं नाही, हळूच लावलं.

तुकड्यांना हात लावण्याची परवानगी मिळायला उन्हाळा सरत आला. तोवर तादेसेच्या दोन्ही मुलाखती होऊन गेल्या आणि दोन्हीकडून नकार आला. तपासतोय असं सांगणाऱ्या माणसाला कोण घेणार. शॉपमध्ये लिनवुडला कुणी काही बोललं नाही. उलट सगळे इतके जपून वागायचे की बघवत नसे. लिनवुडच्या ते लक्षात यायचं की नाही, सांगता येत नव्हतं. माझ्याच मनात एक-दोनदा येऊन गेलं की हा गप्प राहिला असता तर काय बिघडलं असतं. पण मग वाटायचं, दुसऱ्या कुठल्या लॅबने पुढेमागे तोच प्रयोग केला असता आणि तेव्हा तादेसेचं काय झालं असतं.

मोजायचं कुणी, यावर वाद झाला. रॉस्को म्हणाला बाहेरच्या कुणाला बोलवू. युलेलियाबाई म्हणाल्या की लिनवुडच मोजेल आणि आपण सगळे बघू. मला तेव्हा ते कठोर वाटलं. लिनवुडला नाही वाटलं. तो म्हणाला, "बरोबर आहे."

सकाळची वेळ होती. पेटीभोवती आम्ही उभे होतो. लिनवुडने हातमोज्यांत हात घातले, अठ्ठेचाळीसच्या जागेवरून काढलेला तुकडा उचलला आणि चिमटीत धरला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. जाडी मोजायच्या व्हर्नियरला हात लावायच्या आधीच त्याला कळलं. तरी त्याने तो व्हर्नियरमध्ये धरला, आकडा वाचला, दुसरा तुकडा धरला, तोही वाचला. मग पुन्हा एकदा दोन्ही मोजले. जाड होता तो अठ्ठेचाळीसच्या जागेवर होता.

"उलटे आहेत," लिनवुड म्हणाला.

पेटीत वायू सोडणाऱ्या नळीचा बारीक आवाज येत होता. लिनवुडने तुकडे आपापल्या डब्यांत ठेवले, झाकणं लावली, हात बाहेर काढले. मोज्यांतल्या घामाने त्याची बोटं सुरकुतली होती. तो तादेसेकडे वळला. "माझ्या हातून झालं," म्हणाला.

तादेसे म्हणाला, "मला अजून राग आहे."

"असू दे."

"फार दिवस राहील."

"राहू दे."

तादेसे निघून गेला. बाईंनी लिनवुडला बाहेरच्या पाइनच्या झाडांखाली नेलं. तिथे दुपारचा डबा खायला लाकडी बाकं आहेत. त्यांनी मलाही बोलावलं, बहुधा काय बोलायचं ते त्यांना सुचत नव्हतं म्हणून. मग लिनवुडने विचारलं, आणि एवढ्या वर्षांत त्याने बाईंना असं काही विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं, की आता शेवटी निघालं काय. बदलतो का प्रोटॉन?

"बदलतो," बाई म्हणाल्या. "अठ्ठेचाळीसमध्ये जास्त बदलतो. मला वाटलं होतं तसंच."

"म्हणजे तुम्ही जिंकलात."

"हो. आनंद व्हायला हवा. होत नाहीये अजून."

"का बदलतो?"

"जवळ आलेल्या जोड्यांमुळे, असं दिसतंय. पण जवळ आल्यावर आतमध्ये नेमकं काय होतं, ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

लिनवुडने मान हलवली. मग युलेलियाबाईंनी विचारलं, "तुमच्या मिसेस कशा होत्या? मी त्यांना नाताळच्या पार्टीत भेटले होते तेवढंच."

वर्षभरात आम्ही सगळ्यांनी त्याला हजार गोष्टी विचारल्या होत्या. जेवलास का, झोप लागते का, काही हवंय का. हे कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. सवयीने त्याची मान डावीकडे वळली, जिथे आर्व्हेला बसायची. तिथे मी होते. मग तो स्वतःच बोलू लागला. ती कांदा चिरताना रेडिओवरच्या माणसाशी भांडायची, हे सांगितलं. लग्नाआधी तिला होडीत बसवून नेलं तेव्हा तिने उलट्या केल्या आणि तरी परत येईपर्यंत बोलायची थांबली नाही, हे सांगितलं. त्या दिवशी सकाळी ती त्याच्याशी काहीतरी बोलत होती आणि तो किल्ल्या शोधत होता, त्यामुळे ती काय म्हणाली ते त्याने ऐकलं नाही, हेही सांगितलं. सगळं सपाट आवाजात, सुटे भाग मोजून हातात द्यावेत तसं. बाई ऐकत होत्या. मध्ये एकदाही त्या "अरेरे" म्हणाल्या नाहीत. शेवटी तो म्हणाला, "मला रडू आलं नाही बाई. एकदाही नाही. मुलीला वाटतं माझं आर्व्हेलावर प्रेम नव्हतं."

बाई म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला काहीच वाटत नाही. तीच तर अडचण आहे."

मग काम होतं म्हणून आम्ही उठलो.

लॅबने लिनवुडला शिक्षा केली नाही. रॉस्कोला समज मिळाली, आणि टार्गेट बसवताना प्रत्येक पायरीचा फोटो काढायचा असा नियम आला, तो अजून आहे. रेघांची नावं बदलून शोधनिबंध पुढच्या वर्षी छापून आला. चांगला निबंध आहे म्हणतात, पण वर्तमानपत्रांनी दखल घ्यावी असं त्यात काही नव्हतं. तादेसेला ओहायोतल्या एका लहान कॉलेजात जागा मिळाली. कायमची आहे. बायकामुलं आली. जाण्याआधी तो शॉपमध्ये सगळ्यांचा निरोप घ्यायला आला आणि लिनवुडशी हात मिळवला. राग गेला का, ते त्याने सांगितलं नाही आणि लिनवुडने विचारलं नाही.

निबंध छापून आला त्या वसंतात लिनवुड निवृत्त झाला. नोरीनकडे महिनाभर राहून आला; डोंगरात पाणी दिसत नाही म्हणून परतला. आता तो हॉलिसच्या होडीवर जातो. कात टाकून मऊ पाठीच्या झालेल्या खेकड्यांच्या दिवसांत दोघं भल्या पहाटे निघतात, दुपारपर्यंत परततात. हॉलिस बडबड्या आहे, बहिणीसारखाच. लिनवुडला ते सोयीचं पडतं.

गेल्या उन्हाळ्यात मी पूल ओलांडून त्याच्याकडे गेले होते. लिनवुडने खेकडे तळले आणि आम्ही ते ब्रेडमध्ये घालून ओट्याशी उभ्यानेच खाल्ले. भांडी धुताना तो सहज सांगावं तसं म्हणाला की मागच्या आठवड्यात किराण्याच्या दुकानात रडू आलं. कॅन केलेल्या फळांच्या रांगेत. तसं काही झालं नव्हतं, कुणी काही बोललं नव्हतं. हातात डबा होता. एक बाई ढकलगाडी घेऊन थांबली, तिला जायला जागा हवी होती, आणि त्याला बाजूला सरकता येईना.

मी विचारलं, "मग?"

"मग थांबलं. मी सामान घेतलं आणि आलो."

"बरं वाटलं का?"

"नाही," तो म्हणाला. "पण नोरीनला फोन करून सांगितलं. ती रडली." त्याने ताट पुसून मला दिलं आणि वरच्या फळीवर ठेव म्हणून खूण केली.